घडा, कुंभार आणि कुंभारीण

सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने काढलेलं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’चं दुसऱ्या भागाचं पुस्तक उघडलं, की पहिलाच धडा लागतो तो ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. केंद्रीय अभ्यासक्रमात हा विषय आता असा उरलेला नाही. एनसीईआरटीने कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली आणि धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ राहिलं. २०२३ साली देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असं त्यावर उत्तर मिळालं. पण दहावीनंतर जो वाणिज्य शाखेकडे, कलाशाखेकडे किंवा आयटीआयकडे वळतो, त्याची या विषयाशी पुन्हा कधीच गाठ पडत नाही. आणि समाजात त्याचीच संख्या जास्त आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातली पुस्तकंही बदलू लागली आहेत. पहिलीपासून सुरुवात झाली, उद्या दहावीची पाळी येईल. तेव्हा हा धडा राहिला पाहिजे, आजच्यापेक्षा जास्त जागा घेऊन राहिला पाहिजे, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. त्यामागची माझी काळजी जीवशास्त्रापुरती नाही. निसर्गात हेतू कुठे असतो आणि कुठे नसतो, हा प्रश्न नीट हाताळता आला नाही तर समाज दोन उलट दिशांच्या चुका एकाच वेळी करतो. जिथे कुणाचाच हेतू नसतो तिथे तो हेतू हुडकत बसतो. आणि जिथे माणसाने विचार करून घेतलेला निर्णय धडधडीत समोर असतो, तिथे निसर्गाकडे बोट दाखवून मोकळा होतो. आपल्या पुणे शहरात मला या दोन्ही चुका रोज दिसतात.

सुरुवात एका माशीपासून करतो. जुन्या वाड्याच्या तुळईवर, सोसायटीतल्या खिडकीच्या चौकटीत, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत मातीची इवलीशी मडकी चिकटलेली दिसतात. ती कुंभारीण माशीची. ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती मडकं घडवते. त्याच्या आतल्या छताला एका बारीक तंतूने अंडं टांगते. मग अळ्या शोधून आणते, पण त्यांना मारत नाही. डंखाने लुळ्या करून आत कोंडते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी मडकं फोडून नवी कुंभारीण बाहेर पडते.

हे दृश्य आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं आणि त्यावरूनच भृंगकीटकन्याय आला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत ही माशीही आहे. कोंडलेला कीटक भीतीने माशीचंच ध्यान करत राहतो आणि ध्यान करता करता तिच्याच रूपाचा होऊन बाहेर येतो, असा तो दृष्टांत. एकनाथांनी तो ओवीत आणला, कीर्तनकारांनी गावोगाव नेला. गुरूचं ध्यान धरणारा शिष्य गुरुरूप होतो, हे सांगायला इतकी समर्पक गोष्ट शोधून सापडणार नाही.

मडक्याच्या आत मात्र वेगळंच घडतं. अळी माशी होत नाही. अंड्यातून निघालेलं माशीचं पिल्लू त्या लुळ्या अळीला जिवंतपणी खात वाढतं. अळीला मारत नाहीत ते मांस ताजं राहावं म्हणून. चार्ल्स डार्विनला अशाच जातीच्या माश्यांनी अस्वस्थ केलं होतं. १८६० च्या मे महिन्यात आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने असा जीव मुद्दाम निर्माण केला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. 

एकनाथांचा उपदेश यामुळे खोटा ठरत नाही. ध्यासाने माणूस बदलतो हे खरंच आहे. पण ते माणसाबद्दलचं सत्य आहे. माशीच्या मडक्यात आपण ते बाहेरून नेऊन ठेवलं आणि मग तिथेच सापडलं म्हणून आनंदलो. निसर्गातल्या हेतूंबद्दल आपण जे बोलतो, त्यातलं पुष्कळसं असंच तिथे पोचलेलं असतं.

निसर्ग कुणीतरी योजून घडवला आहे, हा विचार पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आला असं कुणी समजू नये. इंग्लंडमध्ये विल्यम पेलीने १८०२ साली घड्याळाचा दाखला दिला: माळरानावर घड्याळ सापडलं तर ते बनवणारा कुणीतरी आहे हे मान्य करावं लागतं, मग डोळ्यासारखी रचना पाहून निर्मात्याला का मानू नये? आपल्याकडे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, त्याच्या कित्येक शतकं आधी हाच युक्तिवाद घड्यावरून करत होते. घडा हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार असतो. जग हेही कार्यच, म्हणून त्याला कर्ता हवा. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा पक्ष जितक्या ताकदीने मांडला, तितक्या ताकदीने तो फार थोड्यांनी मांडला असेल.

विरोधी पक्षही इथलाच होता. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त एक मंत्री सिद्धार्थाला परत फिरवण्यासाठी नाना मतं ऐकवतो. त्यांतलं एक स्वभाववाद्यांचं आहे: काट्याला टोक कोण काढतं, पशुपक्ष्यांना ही विविधता कोण देतं? सारं आपापल्या स्वभावानेच चालतं. सांख्य दर्शनाची भूमिका तर आजच्या वाचकाला चकित करील अशी आहे. वासराच्या वाढीसाठी गाईचं दूध वाहतं, पण दुधाला काही कळत नसतं. तशीच जड प्रकृती कुणाला न कळता प्रयोजन साधत असते, असं ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका म्हणते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात यावर नेमकं बोट ठेवलं. दूध आपोआप वाहत नाही, गाय चेतन आहे, तिच्या वात्सल्याने ते वाहतं, असं त्यांचं उत्तर. मला या वादाचा अभिमान वाटतो. प्रश्न इतका नेमका मांडला गेला होता, की तो सोडवायला फक्त एक दुवा कमी होता. जाणता कर्ता नसताना प्रयोजन साधलं जातं, ते कोणत्या रीतीने?

तो दुवा १८५९ मध्ये डार्विनच्या ग्रंथाने दिला. पिढीतले सगळे जीव सारखे नसतात. हे फरक पुढच्या पिढीत उतरतात. जन्मतात त्यांतले सगळे जगत नाहीत, आणि जे जगतात ते कोण हे त्या फरकांवरही ठरतं. एवढ्या तीन गोष्टी आणि मोजता येणार नाही इतका काळ. कुंभारणीच्या मडक्यासमोर उभं राहून नैयायिकांचा प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर बदलून येतं. इथे घडा आहे आणि घडवणारीही आहे, पण तिच्या मनात घड्याचा आराखडा नाही. तिने आपल्या आईला कधी पाहिलेलं नसतं, कुणाकडून काही शिकलेलं नसतं. झाँ-आंरी फाब्र या फ्रेंच कीटकनिरीक्षकाने मातीचीच घरं करणाऱ्या आणि त्यात कोळी साठवणाऱ्या एका माशीवर प्रयोग केले होते. ती साठवत असतानाच त्याने आतले कोळी आणि त्यांच्यासोबतचं अंडं काढून घेतलं. तरी ती भरत राहिली, आणि शेवटी रिकामं घर नेहमीच्याच निगुतीने लिंपून निघून गेली. घर कशासाठी आहे हे तिला माहीत असतं तर असं झालं नसतं. प्रयोजन घरात आहे, कोट्यवधी पिढ्यांच्या निवडीतून ते तिथे साचलं आहे, पण कुणाच्या डोक्यात नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. हृदय रक्त ढकलण्यासाठी असतं, डोळा पाहण्यासाठी असतो, असं डॉक्टर आणि शास्त्रज्ञही म्हणतातच ना? म्हणतात, आणि म्हणायला हरकत नाही. हृदयाचं काम खरं आहे. ज्यांचं हृदय ते काम बरं करत होतं त्यांची संतती टिकली, म्हणून ते आज आपल्या छातीत आहे. पण नीट योजून केलेल्या रचनेत आणि अशा साचत आलेल्या रचनेत फरक असतो, आणि तो चुकांमध्ये दिसतो. स्वरयंत्राला जाणारी डावी नस मेंदूपासून निघते, गळ्यावरून खाली छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर गळ्याशी येते. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो. जिथून जवळचा रस्ता होता तिथून ती गेली नाही, कारण माशासारख्या पूर्वजात तो रस्ता सरळ होता. मान लांबत गेली, हृदय खाली सरकत गेलं आणि नस अडकून पडली.

चुकांवरून वंश ओळखणं ही पुणेकरांना परकी वाटायला नको अशी गोष्ट आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, आणि त्याची पद्धत विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदेपासून मलयाळमपर्यंत लिप्या असलेल्या, हजाराहून अधिक हस्तलिखितांमधून मूळ पाठाकडे जायचं होतं. अशा कामात बरोबर अक्षरांपेक्षा चुकीची अक्षरं जास्त बोलतात. दोन पोथ्यांमध्ये एकाच जागी तीच चूक असेल, तर दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे तीच चूक केली असण्याची शक्यता थोडी. दोन्ही एकाच पोथीवरून उतरल्या असाव्यात हे जास्त संभवतं.

आता सजीवांची पोथी पाहा. बहुतेक सस्तन प्राणी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. कुत्रा करतो, शेळी करते. माणूस करत नाही, म्हणून त्याला आवळा, लिंबू, पेरू खावे लागतात. पण ते तयार करणारं जनुक आपल्यात अजून आहे, मोडलेल्या अवस्थेत. आणि ते चिंपांझीत, सिंहगडाच्या वाटेवर दिसणाऱ्या माकडांत, वानरांतही मोडलेलंच आहे. प्रत्येक जात वेगळी योजून घडवली असती, तर मोडकं जनुक मुद्दाम प्रत्येकात ठेवण्याचं कारण काय? सुकथनकरांच्या पद्धतीने विचार करणाऱ्याला कारण लगेच कळतं. एकाच पोथीवरून उतरलेल्या या प्रती आहेत. २०१८ च्या जानेवारीत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी आपल्याच मराठवाड्यात, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा, असं विधान केलं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. व्यासांनी सांगितलेलं लिहून घेतलं जातानाही कुणी पाहिलेलं नाही. तरी पोथ्यांचा वंशवृक्ष काढता येतो, आणि तो काढणाऱ्यांबद्दल या शहरात आदर आहे.

हे सगळं खरं असलं तरी रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या पालकांसाठी क्षयरोगाचं उदाहरण देतो. औषध मध्येच सोडलं की रोगजंतू औषधाला सरावतो, असं आपण बोलतो. जंतू सरावत नाही. त्याला काही शिकायचं नसतं. रुग्णाच्या फुप्फुसात जंतूंची संख्या इतकी प्रचंड असते, की त्यांतल्या काही थोड्यांमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारा बदल योगायोगाने आधीच असतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे थोडे मागे उरून वाढतात. एकाच जंतूत अनेक औषधांना पुरून उरणारे बदल एकदम असण्याची शक्यता नगण्य असते, म्हणूनच उपचाराच्या सुरुवातीला चार औषधं एकत्र दिली जातात आणि महिनोन्‌महिने घ्यायला लावतात. खोकला थांबला, मग गोळ्या कशाला, असं म्हणणाऱ्या माणसाला दहावीतला हा धडा नीट शिकवला गेला असता, तर ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ याच्या पलीकडचं कारण त्याच्या हाती राहिलं असतं. उत्क्रांती ही कोट्यवधी वर्षांपूर्वीची हकीकत आहे तशी आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातलीही आहे.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिथे येतो. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं’, ‘यामागेही काहीतरी योजना असेल’ हे सांत्वन म्हणून बोललं जातं, आणि बोलणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ज्या घरात मतिमंद मूल जन्मलं आहे, ज्या घरातलं तरणं माणूस कर्करोगाने गेलं आहे, तिथे या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य असतं. योजना असेल तर कारणही असणार. आणि कारण कुणाच्या तरी माथी जाणार: आईच्या, सुनेच्या, पायगुणाच्या, मागच्या जन्माच्या.

आपल्या तत्त्वज्ञानात हे कसं घडलं ते ब्रह्मसूत्रांत लागोपाठच्या दोन सूत्रांत दिसतं. पहिलं सूत्र सांगतं, की सृष्टी ही केवळ लीला आहे, ईश्वराला त्यातून काही साधायचं नाही. किती मोकळा विचार आहे हा! पण लगेच पुढच्या सूत्रात अडचण उभी राहते: मग एक सुखात आणि एक दुःखात का? ईश्वर पक्षपाती आणि निष्ठुर ठरतो. त्याला त्या आरोपातून सोडवण्यासाठी उत्तर येतं, की जीवाच्या कर्माप्रमाणे त्याला फळ मिळतं. ईश्वर सुटला. ज्याला दुःख झालं तो मात्र त्या दुःखाचा धनी आणि कारण असा दोन्ही झाला. कर्मविपाकाचं तत्त्वज्ञान याहून खोल आहे हे मी जाणतो. पण इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याची जी आवृत्ती पोचते ती हीच असते.

डाऊन सिंड्रोम कशामुळे होतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना एकविसाव्या गुणसूत्रांची जोडी विलग व्हायची राहते आणि बाळाकडे तिसरी प्रत जाते. त्यात कुणाचा हेतू नाही, कुणाला शिक्षा नाही. ज्या आईला हे कळतं तिचं दुःख संपत नाही, पण तिच्यावरचा आरोप संपतो. माझ्या दृष्टीने शाळेत उत्क्रांती आणि आनुवंशिकता एकत्र शिकवण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

जन्मातच योजना लिहिलेली असते या समजुतीची परीक्षा पुण्यात झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण शेकडा ४६ आलं, म्हणजे डोळे मिटून सांगितलं असतं तर आलं असतं त्याच्या आसपासच. इतका साधा, इतका सभ्य प्रयोग. त्याचा निष्कर्ष खरं तर प्रत्येक विशेष शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवायला हवा, कारण त्या मुलांच्या जन्मवेळेत त्यांचं मतिमंदत्व कुठेही लिहिलेलं नव्हतं. दाभोलकरांचा २०१३ च्या २० ऑगस्टला याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्याच्या पाच वर्षं आधी ते ज्या कामात होते त्याची आठवण ठेवताना मला तो प्रयोग आधी आठवतो.

हेतू नाहीच असं मानलं तर आयुष्याला अर्थ काय राहिला, हा प्रश्न कळकळीचा आहे आणि तो हसून उडवता येत नाही. विश्वाचे भौतिक नियम जीवसृष्टीला पोषक असेच का आहेत, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. त्या वादात मी शिरत नाही. त्यातून कुणाला विश्वामागे चैतन्य आहे असं वाटलं तर ते वाटण्याला जागा आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जग हा चिद्विलास, म्हणजे चैतन्याचा विलास, म्हटला. ज्याला काही साधायचं नाही, जो नुसता विलसतो आहे, त्याच्यावर श्रद्धा ठेवणाऱ्याला उत्क्रांतीची भीती का वाटावी? वारकऱ्याचं त्यात काही जात नाही. पण माणसाच्या आयुष्यातला अर्थ मी तिथून आणणार नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या जंतूला कुणाचं भलं करायचं नव्हतं की वाईट. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंतच्या मदतीने रुग्णांसाठी दवाखाना उभा केला, आजारी मुलाला स्वतः उचलून तिथे आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचं निधन झालं. त्या साऱ्या घटनेत हेतू एकाच ठिकाणी होता, आणि तो पुरेसा खरा होता.

फुल्यांचं नाव घेतल्यावर माझ्या म्हणण्यातली सर्वांत कठीण जागा टाळता येणार नाही. जोतीराव निर्मिकाला मानत होते. जगाला कर्ता आहे आणि त्याने सर्व स्त्रीपुरुषांना सारखे हक्क देऊन निर्माण केलं आहे, हा त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्मा’चा पाया होता. म्हणजे योजनेच्या विचारातून समतेचं एवढं मोठं बळ मिळालं, हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण त्यांना ज्यांच्याशी झगडायचं होतं तेही योजनेचाच हवाला देत होते. विराट पुरुषाच्या मुखातून एक वर्ण आला, पायांतून दुसरा, ज्याचा जन्म ज्या कामासाठी त्याने ते करावं. मुलीची घडण चूल आणि पाळण्यासाठी. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा निसर्गाचा नियम मोडतो आहे असं वाटणारे कमी नव्हते. एकाच युक्तिवादातून दोन परस्परविरोधी समाज निघत असतील, तर निवाडा त्या युक्तिवादाने केलेला नसतो. तो माणसाने केलेला असतो. जोतीरावांनी समता निवडली, आणि मग निर्मिकही त्यांना तसाच दिसला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे वाढतो, कारण त्या निवडीचं श्रेय मग सर्वस्वी त्यांचं होतं.

आता दुसरी चूक, उलट दिशेची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आजही घरोघरी ‘पानशेतचा पूर’ म्हणताना तो निसर्गाने आणल्यासारखा उल्लेख होतो. पाऊस निसर्गाचा होता. काम पुरं झालेलं नसताना पहिल्याच पावसाळ्यात धरणात पाणी साठू देणं हा माणसांचा निर्णय होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत घरं, गाड्या, माणसं वाहून नेली. शहरात आणि आसपास वीसहून अधिक जीव गेले. दुसऱ्या दिवशी ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द सगळीकडे होते. ओढ्याला राग येत नाही. त्याचं पात्र कुणी अरुंद केलं, काठावर बांधकामाला परवानगी कुणी दिली, कल्व्हर्टचा व्यास कुणी ठरवला, याची उत्तरं नकाशांत आणि सह्यांत असतात. आराखडा, हेतू, योजना हे शब्द जिथे अक्षरशः लागू पडतात तिथेच आपण ते वापरत नाही. आपत्ती दैवी ठरली की चौकशीची धार गेली.

वेताळ टेकडीच्या वादातही मला हेच ऐकू येतं. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीतून रस्ता काढायचा बेत बरीच वर्षं चालला आहे. टेकडी नुसती पडून आहे, तिचा लोकांना उपयोग व्हावा, असं त्याचे समर्थक म्हणतात. टेकडी पुणेकरांना शुद्ध हवा देण्यासाठी आहे, असं काही विरोधक म्हणतात. दोघेही तिला कुणासाठी तरी केलेली मानतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर झिजत झिजत उरलेला तो भाग आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरतं, मोर आणि ससे तिथे राहतात, आणि यांतलं काहीही आपल्यासाठी मांडलेलं नाही. हे मान्य केलं की वाद स्वच्छ होतो. रस्ता हवा की नको हे टेकडीच्या प्रयोजनावरून ठरणार नाही. आपल्याला कसं शहर हवं आहे, मुरणाऱ्या पाण्याची आणि तिथल्या जीवांची किंमत आपण किती धरतो, हे उघडपणे सांगून ठरवावं लागेल, आणि ज्याने जे ठरवलं त्याचं नाव त्याखाली राहील. मी स्वतः रस्त्याच्या विरोधात आहे. तो माझा निवाडा आहे, टेकडीचा आदेश म्हणून मी तो कुणाच्या गळी उतरवणार नाही.

म्हणून दहावीच्या धड्याबद्दल माझी मागणी नेमकी आहे. येणाऱ्या फेररचनेत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे नाव तोडलं जाऊ नये. दहावी ही अखेरची इयत्ता आहे जिथे सगळी मुलं एकत्र विज्ञान शिकतात, तेव्हा तो अकरावी-बारावीवर ढकलला जाऊ नये. व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी त्यात क जीवनसत्त्वाचं मोडकं जनुक यावं, क्षयाच्या चार गोळ्या याव्यात, मुलांनी स्वतः शोधून आणलेलं कुंभारणीचं मडकं यावं. शिक्षकांना भृंगकीटकन्याय वर्गात सांगायला संकोच वाटू नये. तो सांगून मग मडकं फोडून आत काय आहे ते मुलांना पाहू द्यावं, आणि मुलांनी प्रश्न विचारले तर देव आहे की नाही हा वाद त्यांच्यावर न लादता त्या प्रश्नांना वेळ द्यावा. भाषेच्या तासाला एकनाथ आणि विज्ञानाच्या तासाला डार्विन, अशी दोन्ही माणसं सोळाव्या वर्षी भेटलेली मुलं मला या राज्यात हवी आहेत. अभ्यासक्रमाचे मसुदे जेव्हा सूचना-हरकतींसाठी जाहीर होतात तेव्हा शिक्षकांनी, डॉक्टरांनी, विशेष शाळांच्या पालकांनी या एका धड्यासाठी लेखी हरकत नोंदवावी. भार कमी करायचाच असेल, तर कमी करण्यासारखं त्या पुस्तकांत दुसरं पुष्कळ आहे.